ज्याने बांधली त्याने बसावे

विकणाऱ्याने आपला माल स्वतः वापरून पाहिलेला असावा, ही अपेक्षा व्यापाराइतकीच जुनी आहे. भाव, सूट, उधारीची मुदत यांविषयी गल्ल्यावर बसलेला नवा मुलगाही बोलू शकतो, परंतु "हे तुम्ही घरी वापरता का?" या प्रश्नापाशी पुष्कळांची वाणी मंदावते. पेढीची पत बव्हंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी असते. ज्या व्यवसायातील माणसांनी हे उत्तर शब्दांनी न देता स्वतः त्या मालावर बसून, प्रसंगी जीव धोक्यात घालून दिले, अशा एका व्यवसायाची हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवावयाची आहे. स्थळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांत, आणि वस्तू म्हणजे घरच्या गॅरेजात बांधलेली 'हॉट रॉड रोडस्टर'.

हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. जुनी, स्वस्तात मिळालेली मोटार घ्यावी, तिच्या अंगावरचा अनावश्यक भार उतरवावा, इंजिन अधिक बलवान करावे आणि वेगासाठी ती पुन्हा बांधावी, अशा रीतीने तयार झालेल्या गाडीस तिकडे हॉट रॉड म्हणतात. रोडस्टर म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी; तिला पक्के छप्पर नाही, बाजूंस काचा नाहीत. वजनाने हलकी म्हणून वेगाच्या छंदिष्टांना ती विशेष प्रिय झाली.

या छंदाचा उगम श्रीमंतीत झाला नाही, काटकसरीत झाला. फोर्ड कंपनीने 1908 पासून 1927 पर्यंत आपल्या 'मॉडेल टी' गाड्या दीड कोटीच्या घरात बनविल्या आणि त्यामागून 'मॉडेल ए' बाजारात आणली. त्यामुळे 1930 नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतील भंगाराच्या वखारी फोर्डच्या जुन्या गाड्यांनी आणि सुट्या भागांनी भरलेल्या होत्या. खिशात चार डॉलर असलेल्या तरुणालाही तेथून चासी, चाके, इंजिन निवडून आणता येई. त्यातच मार्च 1932 च्या अखेरीस फोर्डने आठ सिलिंडरांचे 'व्ही-एट' इंजिन बसविलेली गाडी पुढे आणली. आठही सिलिंडरांचा सांगाडा एकाच तुकड्यात आणि स्वस्तात ओतण्याची करामत फोर्डच्या ओतशाळेने साधली होती. तोवर आठ सिलिंडरांचे इंजिन म्हणजे धनिकांची मिरास. ते आता 500 डॉलरांच्या आत मिळणाऱ्या रोडस्टरमध्ये आले. त्याची शक्ती 65 अश्वशक्ती होती. आजच्या मानाने हा आकडा सामान्य वाटेल, परंतु सुमारे एक हजार किलो वजनाच्या गाडीला तो त्या काळी भरपूर होता. 1932 मधील शेवटच्या दोनाच्या आकड्यावरून या गाडीस 'ड्यूस', म्हणजे पत्त्यांतील दुर्री, असे लाडके नाव पडले. घरी रोडस्टर बांधू पाहणाऱ्यांच्या मनात आजही प्रथम हीच गाडी उभी राहते.

आता वेग अजमावण्यासाठी जागा हवी. लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस मोहावीचे वाळवंट पसरले आहे आणि त्यात मुरॉक, रोझामंड, एल मिराज अशी काही कोरडी तळी आहेत. हिवाळ्यात पावसाचे पाणी त्यांत साचते. उन्हाळ्यात ते आटले म्हणजे तळाची माती टणक आणि परातीसारखी सपाट होते. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी आपल्या रोडस्टर चालवीत तेथे जात, मडगार्ड, पुढची काच, दिवे उतरवून ठेवीत, मोजलेल्या अंतरावर गाडी जिवाच्या आकांताने पळवीत, आणि संध्याकाळी सर्व भाग पुन्हा जोडून त्याच गाडीने घरी परतत. वेगाची नोंद अधिकृत झाली म्हणजे तिचा आकडा कोरलेली लहानशी पट्टी मिळे आणि ती अभिमानाने गाडीच्या दर्शनी फळीवर ठोकली जाई. दुसऱ्याच दिवशी हीच गाडी मालकाला कामावर पोहोचवीत असे.

या मंडळींतून जे व्यापारी घडले, त्यांपैकी दोघांची नोंद घेण्यासारखी आहे. पहिला विक एडलब्रॉक. कॅन्सस प्रांतातील एका किराणा दुकानदाराच्या घरी त्याचा जन्म 1913 मध्ये झाला. 1927 मध्ये त्यांचे दुकान आगीत भस्म झाले आणि चौदा वर्षांच्या विकला शाळा सोडून कामाला लागावे लागले. पुढे तो कॅलिफोर्नियास गेला, मोटारदुरुस्तीचे स्वतःचे गॅरेज चालवू लागला, आणि 1938 मध्ये त्याने 1932 सालची एक फोर्ड रोडस्टर विकत घेतली. कार्ब्युरेटरमधून येणारे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या ओतीव भागाला मॅनिफोल्ड म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या मॅनिफोल्डने एडलब्रॉकचे समाधान होईना. तेव्हा त्याने स्वतःच एक नवा घडविला. तो गाडीवर बसवून नोव्हेंबर 1941 मध्ये रोझामंडच्या तळ्यावर त्याने ताशी 121 मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे 195 किलोमीटर वेग गाठला. पाहणाऱ्यांनी तोच भाग आपल्यालाही हवा म्हणून मागणी केली. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्याने आपला पहिला कॅटलॉग काढला. कॅटलॉग निघण्यापूर्वी त्या मालाची पाच वर्षांपूर्वीच परीक्षा झालेली होती, आणि ती विक्रेत्याने स्वतः चालकाच्या जागेवर बसून दिली होती.

दुसरा एड इस्केंडेरियन; आर्मेनियन वंशाच्या घरातला. त्याने तरुणपणी मॉडेल टी रोडस्टर बांधली होती. महायुद्धात लष्करी विमानदलात काम करून तो परतला, तेव्हा त्याला आपल्या गाडीसाठी विशेष रीतीने घासलेला कॅमशाफ्ट हवा होता. इंजिनाचे व्हॉल्व्ह केव्हा उघडावे आणि किती वेळ उघडे राहावे, हे कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर अवलंबून असते. त्यात केसाएवढा फरक केला तरी इंजिनाचा स्वभाव पालटतो. हे काम जाणणारे कारागीर मोजके, आणि त्यांच्याकडे मागणी एवढी की महिनोन्‌महिने थांबावे लागे. इस्केंडेरियनने तक्रार करीत बसण्याऐवजी एक जुने ग्राइंडिंग यंत्र विकत घेतले, त्यात स्वतः फेरफार केले आणि कॅमशाफ्ट घासण्यास आरंभ केला. रॉबर्ट पीटर्सन याने जानेवारी 1948 मध्ये 'हॉट रॉड' हे मासिक सुरू केले. त्याच वर्षीच्या जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर इस्केंडेरियनचीच रोडस्टर झळकली. मालाची जाहिरात आणि मालकाची गाडी यांत त्या काळी अंतर नव्हते.

मात्र या वर्णनाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. आरंभीच्या दिवसांत तळ्यावर अनेक गाड्या शेजारी शेजारी एकदम सुटत. पुढच्याच्या चाकांनी उडविलेल्या धुळीत मागच्याला हातभर अंतरावरचे दिसेनासे होई. अपघात झाले, तरुण जिवाला मुकले. 1937 मध्ये निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली, नियम केले, आणि धावण्यापूर्वी प्रत्येक गाडीची तपासणी करण्याची शिस्त लावली. तरीही शहरातील रस्त्यांवर रात्री शर्यती लावणारे होतेच. त्यांच्यामुळे हॉट रॉड हा शब्दच बदनाम झाला. 1951 मध्ये वॉली पार्क्स याने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' उभी केली. शर्यत रस्त्यावरून उचलून देखरेखीखालील धावपट्टीवर नेणे हा तिचा मुख्य हेतू होता. 1954 पासून या संस्थेची एक छोटी तुकडी मोटारीमागे सामानाचा गाडा जोडून गावोगाव फिरू लागली आणि स्थानिक क्लबांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी, गाडी कशी तपासावी, हे प्रत्यक्ष दाखवू लागली.

येथवरची गोष्ट बांधणारा आणि बसणारा एकच असतानाची झाली. पण धंदा वाढला की हे ऐक्य तुटते. ज्याने भाग बनविला तो लॉस एंजेलिसमध्ये, आणि ज्याच्या पायाखाली तो भाग फिरतो तो तरुण दोन हजार मैलांवर! हा तिढा फ्लायव्हीलच्या प्रकरणात उघड झाला. इंजिनामागे फिरणारे हे जड चाक साध्या गाड्यांत ओतीव लोखंडाचे असे. ते साध्या फेऱ्यांसाठी पुरेसे होते. परंतु शर्यतीसाठी बलवान केलेल्या इंजिनाने ते दुप्पट वेगाने गरगरू लागले, तेव्हा कधी कधी फ्लायव्हील अथवा क्लच जागीच फुटे आणि त्याचे तुकडे गाडीचा तळ फोडून चालकाच्या पायांपर्यंत जात. गिऱ्हाईक भाग विकत घेताना हा धोका पाहू शकत नव्हते. रंग, चकाकी, किंमत दिसत होती. लोखंडाच्या पोटातील दोष दिसत नव्हता.

1963 मध्ये या क्षेत्रातील छोट्या उत्पादकांनी आपली एक संघटना स्थापन केली. 'सेमा' या संक्षिप्त नावाने ती आज जगभर ओळखली जाते, आणि तिचा पहिला अध्यक्ष एड इस्केंडेरियनच होता. धावपट्टीवर वापरल्या जाणाऱ्या धोक्याच्या भागांसाठी मानके ठरविणे हे तिच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक होते. कोणत्या धातूचे फ्लायव्हील चालेल, त्याभोवती पोलादी कवच कसे असावे, त्याची चाचणी कशी घ्यावी, हे लिखित स्वरूपात आले. पुढे 1978 मध्ये मानकांचे हे काम एका स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आले. आज शर्यतीच्या गाडीत वापरायच्या सुरक्षापट्ट्यावरही मानकाचा शिक्का आणि तो कधी बनविला याची तारीख असते. मुदत टळलेला पट्टा तपासनीस स्वीकारीत नाही.

व्यापारी वाचकांनी येथे थोडे थांबावे. या लोकांवर कोणी सक्ती करण्यापूर्वीच त्यांना एक गोष्ट उमगली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीत आपण स्वतः बसू शकत नाही. म्हणून आपल्या जागी आपली लेखी हमी बसली पाहिजे, आणि ती हमी आपल्या देहाइतकीच खरी असली पाहिजे. व्यापार एका दुकानापुरता असतो तेव्हा मालकाचा शब्द पुरतो. तो दहा गावांत पसरला की शब्दाची जागा मापाने, चाचणीने आणि तारखेच्या शिक्क्याने घ्यावी लागते. ज्यांनी हे वेळीच ओळखले त्यांचा धंदा टिकला.

आता आजच्या घरगुती गॅरेजात डोकावू. भंगारातून भाग वेचण्याचे दिवस मागे पडले. 1932 च्या रोडस्टरची नवीकोरी पोलादी बॉडी मिळते, फायबरग्लासची मिळते, चासी मिळते, इंजिन खोक्यात बंद होऊन घरपोच येते. मूळ फोर्डचा एकही खिळा नसलेली 'फोर्ड' बांधता येते. मग घरी बांधले म्हणजे नेमके काय केले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

त्याचे उत्तर भागांच्या परस्परसंबंधात आहे. प्रत्येक भाग उत्तम असूनही गाडी घातक होऊ शकते. काही उदाहरणे पाहू. जुन्या चासीच्या कडेच्या तुळया एका अंगाने उघड्या, पन्हळीसारख्या असत. 65 अश्वशक्तीला त्या पुरत. चौपट शक्तीचे इंजिन बसविले की त्या पिळवटतात. म्हणून आतल्या बाजूने पोलादी पट्टी वेल्ड करून त्यांना बंद पेटीचा आकार द्यावा लागतो. स्टिअरिंगचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चाक खड्ड्यात उतरते वा उंचवट्यावर चढते तेव्हा आस एका वर्तुळखंडात वरखाली होतो आणि स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या. ही दोन वर्तुळे जुळली नाहीत तर हात स्थिर असतानाही गाडी आपोआप एका बाजूस वळते. सपाट अंगणात हा दोष दिसत नाही. महामार्गावर, ताशी शंभराच्या वेगात तो दिसतो.

ब्रेकचेही तसेच. 1932 च्या फोर्डला सळयांनी ओढले जाणारे यांत्रिक ब्रेक होते. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले ते 1939 च्या गाड्यांत. म्हणून इंजिनाची शक्ती वाढविणाऱ्या शहाण्या माणसांनी 1939 चे ब्रेक जुन्या गाडीवर चढविले, आणि ही प्रथाच पडली. वेग वाढविण्याच्या खर्चाबरोबर थांबण्याचा खर्च लिहिणे हा या छंदातील पहिला जमाखर्च होय. आजच्या रोडस्टरमध्ये ब्रेकचा मुख्य सिलिंडर पायाखाली, फळीच्या तळाशी बसतो. तो चाकांजवळच्या ब्रेकपेक्षा खाली असला तर पायडल सोडल्यावर तेल उताराने मागे येते आणि पुढच्या वेळी पहिला दाब पोकळ जातो. हे टाळण्यासाठी नळीत किंचित दाब धरून ठेवणारा छोटासा व्हॉल्व्ह बसवितात. डिस्क ब्रेकसाठी दोन पौंडांचा, ड्रमसाठी दहा पौंडांचा. वस्तू मुठीत मावेल एवढी, परंतु ती विसरली तर बाकीचा सर्व खर्च व्यर्थ.

अनुभवी बांधकरी आणखी एक क्रम पाळतात. संपूर्ण गाडी प्रथम कोऱ्या पत्र्यावरच, रंग न लावता जोडून पाहतात. दारे नीट मिटतात का, चाक वळताना कोठे घासते का, एक्झॉस्टची नळी पेट्रोलच्या नळीजवळून जाते का, हे तपासतात. शक्य तेथे ती थोडी चालवूनही बघतात. मग सर्व गाडी सुटी करतात, रंग देतात आणि पुन्हा जोडतात. एकच काम दोनदा करणे नवख्याला जिवावर येते. पण रंगानंतर वेल्डिंग करण्याची वेळ आली तर रंग जळतो, आणि रंग वाचविण्यासाठी वेल्डिंग टाळले तर त्याहून वाईट घडते. अर्धवट राहिलेल्या गाड्या कमी किमतीत विकण्याची पाळी पुष्कळांवर येते. त्यामागे पैशांच्या टंचाईइतकीच रंगाची घाई कारणीभूत असते. दर्शनी भाग आधी आणि पाया मागाहून, अशी उलटी वाटचाल दुकानांतही दिसते. सजावटीत भांडवल अडकते आणि मालाला रोकड उरत नाही.

बोल्ट आवळण्याची त्यांची रीत आपल्या मुनीमजींना आवडावी अशी आहे. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की त्याच्या माथ्यावर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ म्हणजे रोजमेळातील नोंदीपुढची खूण. काम अर्धवट टाकून जेवायला उठले, फोन आला, कोणी हाक मारली, तरी परतल्यावर कोणता बोल्ट राहिला याविषयी स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही. पुढे बोल्ट सैल होऊ लागला तर रेघ तुटलेली दिसते आणि दोष आपणहून बोलतो. पहिल्या दिवशी गाडी लांब न नेता घराभोवती एखादा मैल फिरवून आणतात आणि पुन्हा प्रत्येक रेघ तपासतात. कारखान्याच्या गाडीत चूक झाली तर जबाबदारी हजार जणांत वाटली जाते. घरी बांधलेल्या गाडीत ती एकाच माणसावर असते, आणि तोच माणूस चालकाच्या जागी बसलेला असतो; त्याच्या शेजारच्या आसनावर बहुधा त्याच्या घरातले कोणीतरी असते.

हे वाचून आपल्या घरातील एखाद्या उत्साही तरुणाने मोटारसायकल वा गाडी उलगडण्यास घेऊ नये, म्हणून एक सूचना अवश्य करावीशी वाटते. अमेरिकेत घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे करता येते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पुन्हा स्पष्ट केला आहे. रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या गाडीवर हे प्रयोग नकोत.

परंतु गाडीवाचूनही या रीतीचा अंगीकार करता येतो. आपल्या पेढीत पुढची पिढी येते तेव्हा तिला प्रथम हिशेब, वसुली आणि आता संगणक शिकविला जातो. माल मात्र बंद खोक्यातूनच तिच्या हातून पुढे जातो. पंप विकणाऱ्या घरातील मुलाने एकदा पंप उलगडून पुन्हा जोडावा. कापड विकणाऱ्या घरातील मुलीने ते कापड दहा धुण्यांनंतर कसे दिसते हे स्वतः पाहावे. मसाले, भांडी, विजेची उपकरणे, जे काही दुकानात असेल त्यातील एक वस्तू प्रत्येकाने वर्षभर घरी वापरावी आणि तिचे गुणदोष एका वहीत टिपून ठेवावेत. पुरवठादाराशी भाव करताना ही वही उपयोगी पडेलच. त्याहूनही, सदोष माल परत पाठविण्याचे धैर्य तिच्यातून येईल. ज्याला माल ठाऊक नाही त्याला तो नाकारताही येत नाही.

एडलब्रॉकच्या घरचे किराणा दुकान जळाले तेव्हा त्याच्याजवळ ना भांडवल उरले ना शिक्षण. त्याच्या हाताला जे ठाऊक होते त्यातूनच त्याने पुढचा व्यापार उभा केला. येत्या वर्षी पेढीत पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींच्या हाती चोपडीबरोबर एक पान्हाही द्यावा, एवढीच वाचकांना विनंती.